वेल ओळखली, पुढे?

ठाण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारात कडुनिंब असेल तर एकदा मान वर करून बघा. फांद्यांमधून राखाडी-हिरवी, बोटाएवढी जाड खोडं लोंबत असतील आणि त्यांच्यातून बारीक मुळं थेट जमिनीच्या दिशेने उतरत असतील, तर ती बहुतेक गुळवेल. पाचपाखाडी, नौपाडा, कोपरी, वर्तकनगर, कुठेही दिसेल. कुणी मुद्दाम लावलेली नसते. पक्षी फळं खातात, बी टाकतात, बी रुजतं आणि वेल जवळचं झाड धरून वर जाते. इतकी वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटणारे आले की सेक्रेटरी खालूनच ओरडायचे, ‘तो वेलींचा कचरापण काढून टाका’, आणि छाटलेल्या फांद्यांबरोबर तीही टेम्पोत जायची.

२०२० मध्ये मात्र सगळ्यांच्याच माना वर गेल्या. भाजी आणायलाही बाहेर पडू नका असे दिवस होते, पण निंबाखाली कोयते, सुऱ्या, कात्र्या घेऊन लोक जमत होते. आमच्या मागच्या इमारतीतली वेल बघता बघता बुंध्यापासून शेंड्यापर्यंत साफ झाली. पुढे जांभळी नाक्याच्या मंडईत, जिथे पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं घेऊन बायका बसतात, तिथे गुळवेलीच्या वीतभर कांड्यांच्या जुड्या दिसायला लागल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रसाच्या बाटल्या सॅनिटायझरच्या शेजारी मांडलेल्या.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि माझ्या सासूबाई मुरबाडकडच्या. त्यामुळे ही वेल मला घरी एका टोकाने दिसली आणि कामावर दुसऱ्या टोकाने.

आधी ओळखीचं सांगते. गुळवेलीची माहिती देणारा कुठलाही फॉरवर्ड उघडा, पहिलं वाक्य ठरलेलं: ‘पान हृदयाच्या आकाराचं असतं.’ एवढ्यावर विसंबून वेल तोडायला निघालेल्या माणसाला मी आधी खाली बसवते. असं पान पिंपळाचं असतं, विड्याचं असतं, तुमच्या बाल्कनीतल्या मनीप्लांटचं असतं. पावसाळ्यात उपवनकडून येऊरला चढताना रस्त्याच्या कडेला करांद्याच्या वेली माजलेल्या असतात, त्यांचंही पान तसंच, उलट जास्तच देखणं. करांद्याच्या पानावर शिरा देठापासून निघून कमानीसारख्या वळत टोकाला जाऊन मिळतात आणि त्यांच्यामध्ये आडव्या शिरांची बारीक जाळी असते. पानाच्या बगलेत खडबडीत करांदे लागले की संशयच उरत नाही. पण ते लागेपर्यंत फसायला भरपूर वाव असतो. पहाडवेल आणि पाडवेल या तर गुळवेलीच्याच कुळातल्या. त्यांची खोडं मात्र बारीक राहतात, आणि पाडवेलीचा देठ पानाच्या काठाला न जुळता थोडा आत, पानाच्या पाठीवर जुळतो. पान उलटून पाहिलं की कळतं. पान उलटून कोण पाहतं, हा प्रश्न आहे.

सासूबाई पानाकडे शेवटी बघतात. आधी देठ. गुळवेलीचा देठ लांब असतो, दोन्ही टोकांना किंचित फुगलेला आणि खोडाजवळ मुरडलेला. मग खोड हातात घेऊन अंगठ्याचं नख लावतात. वरची साल कांद्याच्या सालीएवढी पातळ, मळकट. ती पापुद्र्याने सुटते आणि खाली ओला, गर्द हिरवा रंग उघडा पडतो. वरून मेल्यासारखं दिसणारं खोड आतून इतकं हिरवं असेल असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतच नाही. सालीवर बारीक ठिपके असतात, बोट फिरवलं तर जेमतेम जाणवतात. आणि शेवटची खूण आतली. अंगठ्याएवढं जाड खोड धारदार सुरीने आडवं कापलं की छेदावर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या दिसतात: मध्यापासून कडेकडे गेलेल्या लाकडाच्या पाचरी आणि त्यांच्यामध्ये मऊ, फिकट पट्टे. बोथट सुरीने चिरडलं तर काही दिसत नाही, म्हणून मी या कामाला ब्लेड घेते.

सासूबाई यानंतर कापलेल्या टोकाला जीभ लावतात आणि तोंड वाकडं करून म्हणतात, “हीच.” ही परीक्षा मी कुणाला सांगत नाही. कडू असणं ही गुळवेलीची खूण खरी, पण रानात कडू काय एकटी गुळवेलच आहे? चव घेऊन ओळखायचं तर आधी पन्नास वेळा न चुकता ओळखलेली असायला हवी.

फुलाफळांवरून ओळखण्याचं म्हणाल तर त्यात एक गंमत आहे. गुळवेलीत नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. उन्हाळ्याच्या सुमाराला, पानं झडलेली असताना, पिवळसर हिरव्या बारीक फुलांचे तुरे येतात. मादी वेलीवर पुढे मटाराएवढ्या लालभडक फळांचे घोस लागतात. नर वेलीवर लागणारच नाहीत. तेव्हा ‘फळ नाही म्हणजे गुळवेल नाही’ असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नये, त्याला शेजारच्या गल्लीतली मादी वेल दाखवावी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तिच्या चुलतबहिणीशी. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी एक जात आहे. तिच्या खोडावर नुसते ठिपके नसतात, चांगले टपोरे फोड असतात, बोट फिरवलं तर अडखळतं, आणि कापल्यावर दुधाळ चीक येतो. तिसरी टिनोस्पोरा सायनेन्सिस, तिच्या पानांना लव असते. नर्सरीत ‘गिलोय’ अशी पाटी लावून कुंडीत जे विकलं जातं ते यांपैकी काय आहे, हे नर्सरीवाल्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याला ते ‘गिलोय’ म्हणूनच मिळालेलं असतं. कोलशेतकडे राहणाऱ्या एका मैत्रिणीने अशी कुंडी हौसेने आणली होती. खोडाला हात लावल्याबरोबर गाठीच गाठी लागल्या. ती वेल आता तिच्या ग्रिलवर शोभेला आहे. शोभेला छान आहे.

आता तोडण्याविषयी. येऊरला जाऊन आणू, असं पुष्कळांच्या मनात येतं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय झाडपाला काढता येत नाही, औषधी असला तरी नाही. रविवारी सकाळी फिरायला गेलेली मंडळी पिशव्या भरून खाली उतरताना दिसली की मला त्यांचा राग येतो, कारण त्यांच्या स्वतःच्या इमारतीच्या भिंतीवर तीच वेल असते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, वेल मुळापासून ओरबाडण्याची सवय वाईटच.

घोडबंदर रोडच्या कडेची वेलही मी घेत नाही. मेट्रोचं काम, डंपर, सिमेंटची धूळ, धूर हे सगळं त्या सालीवर बसलेलं असतं, आणि ती साल इतकी भेगाळलेली असते की धुऊन निघत नाही. सोसायटीतल्या वेलीबाबत एवढंच विचारावं की वाळवीचं किंवा डासांचं औषध कधी आणि कुठे मारलं. वॉचमनला हे पक्कं माहीत असतं, कमिटीला नसतं.

झाड कुठलं, यालाही महत्त्व देतात. निंबावरची गुळवेल उत्तम हे सगळ्यांच्या तोंडी आहे. वेलीत आधाराच्या झाडाचे गुण उतरतात असं वैद्य मानतात. त्याची दुसरी बाजू सासूबाई सांगतात: “काजऱ्यावरची घेऊ नको.” काजरा म्हणजे कुचला, ज्याच्या बियांत स्ट्रिक्निन हे विष असतं. गुण उतरतात की नाही हा वाद सोडा. वेल ओढताना आधाराच्या झाडाची साल, काटक्या बरोबर येतात आणि कांड्या करताना त्या मिसळतात, एवढं कारण मला पुरेसं आहे. ज्या झाडाचं नाव सांगता येत नाही, त्यावरची वेल घ्यायची नाही.

पानं गळाल्यानंतर, उन्हाळ्यात, जून खोड घ्यावं असं आमच्या ओळखीच्या वैद्यबाई सांगतात. कोवळं, करंगळीहून बारीक घेऊ नये. बुंधा शाबूत ठेवून मधला तुकडा काढायचा. आणि इथे ही वेल जे करते ते खरोखर बघण्यासारखं आहे. खालचा भाग पुन्हा फुटतो, त्यात नवल नाही. पण वर फांद्यांत अडकलेला, जमिनीशी नातं तुटलेला भागही मरत नाही. महिनोन्‌महिने तसाच हिरवा राहतो आणि एक दिवस त्यातून पोपटी रंगाची एक मुळी खाली निघते. दुसऱ्या मजल्यावरून निघालेली अशी मुळी आमच्या खिडकीसमोरून गेली. वाऱ्यात हलायची, कावळा बसला की तुटेल वाटायचं. पावसाळ्यात ती इतक्या वेगाने वाढली की सकाळी पाहिलेलं टोक संध्याकाळी खाली सरकलेलं दिसायचं. पेव्हर ब्लॉकपर्यंत पोचली, तिथे माती नाही म्हटल्यावर थोडी आडवी सरकली आणि दोन ब्लॉकच्या फटीत शिरली. झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवलं होतं, त्यांनी तिच्याभोवतीनेच झाडलं. आज ती मुळी बोटाएवढी जाड खोड झाली आहे.

तोडून आणलेल्या खोडाचं काय करायचं? घरी साधा प्रकार म्हणजे काढा. साल खरवडून, कांड्या ठेचून, पाण्यात उकळून, चौथा हिस्सा राहिला की गाळायचा. भारत सरकारच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, गुडूचीच्या (गुळवेलीचं संस्कृत नाव) चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम औषध अशी दिलेली आहे. ही मोठ्या, एरवी निरोगी माणसाची मात्रा, आणि कुणाला, कशावर, किती दिवस हे वैद्याने ठरवायचं. ‘अंदाजे मूठभर’ हे माप कुठल्याच पुस्तकात नाही.

दुसरा प्रकार सत्त्वाचा. तो एकदा तरी करून पाहावा, औषध म्हणून नव्हे तर बाजारातल्या पुडीची किंमत कळावी म्हणून. ओली खोडं ठेचायची, भरपूर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी हाताने चोळून चोथा काढायचा, पाणी फडक्याने गाळून स्थिर ठेवायचं. काही तासांनी तळाशी मळकट पांढरा साका बसतो. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचं, पुन्हा स्वच्छ पाणी, पुन्हा साका. शेवटी ताटात पसरून वाळवायचं. परडीभर खोडांतून हाती येतं ते चमचा-दोन चमचे. एवढ्या खटाटोपानंतर दुकानात पांढरंशुभ्र सत्त्व डब्यांनी विकायला असतं तेव्हा शंका यायला हवी. मला आली, आणि लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक हाताशी आहे. गुळवेलीचं सत्त्व म्हणजे मुख्यतः स्टार्चच, त्यामुळे आयोडीन टाकून उपयोग नाही. बटाट्याचं पीठही निळं होणार आणि हेही. पण कण वेगळे. घरच्या सत्त्वातले कण बारीक, गोलसर, काही दोन-तीन चिकटलेले. विकत आणलेल्या पुडीत दिसले ते त्यांच्या कितीतरी पट मोठे, लांबट अंडाकार, एका टोकाच्या बिंदूभोवती वळी पडलेले. शाळेत अकरावीच्या प्रॅक्टिकलला बटाटा कापून ज्यांनी स्लाइड केली असेल त्यांना हे कण नावाने ओळखता येतील. दुकानाचं नाव सांगत नाही. बटाट्याच्या पिठाने कुणाचं वाईटही होत नाही म्हणा, फक्त पैसे जातात.

वाईट कशाने होतं त्याकडे येते.

रक्त घेतल्यावर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. लाल पेशी तळाशी बसतात, वर सिरम राहतं. निरोगी माणसाचं सिरम फिकट, गवती पिवळं असतं. यकृत बिघडलेल्या माणसाची नळी बाहेर काढली की मशीनला विचारायची गरज पडत नाही. वरचा थर गडद, हळदीच्या पाण्याहून गडद, कधी हिरवट झाक असलेला. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन वाढलेलं, आणि यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी चाळीस-पन्नासच्या आसपास असायचं ते हजाराच्या पुढे. अशा नळ्या आम्ही एरवीही पाहतो: हिपॅटायटीस ए, दारू, टीबीची औषधं. करोनाच्या काळात काहींच्या बाबतीत व्हायरसच्या तपासण्या निगेटिव्ह यायच्या, दारू नाही, आणि डॉक्टर फोनवर विचारायचे, “काढा-बिढा काही घेतायत का, विचारलंत?” निदान करणं माझं काम नाही आणि कुठल्या नळीमागे काय होतं हे मी सांगू शकत नाही. पण तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला.

२०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपरिमेंटल हिपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांनी गुळवेल घेतलेली, सगळ्यांच्या यकृताला सूज. आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये पत्रक काढून आक्षेप घेतला: घेतलेली वेल खरंच टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती की क्रिस्पा, हे तपासलेलंच नाही. आक्षेप गैर नव्हता. वर मी ज्या मैत्रिणीच्या कुंडीबद्दल लिहिलं, तशा कुंड्या घरोघर होत्या. पण २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि चित्र बरंच स्पष्ट झालं. अनेकांच्या यकृताची सूज ही शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्यासारखी होती, आणि बऱ्याच जणांना आधीपासून थायरॉइडसारखा ऑटोइम्यून विकार किंवा तसा कल होता.

यावर आमच्या मजल्यावरचे काका मला म्हणाले, “तू लॅबवाली, तुला सगळीकडे कावीळच दिसणार.” त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. अक्षरशः लाखो लोकांनी काढा प्यायला आणि त्यांना काही झालं नाही, ते माझ्या टेबलापर्यंत येणारच नाहीत. हा अपाय दुर्मीळ आहे. पण तो कुणाला होऊ शकतो याचा थोडा अंदाज आता आला आहे, आणि बरोबर वेल ओळखली की झालं, असं नाही, हेही त्यातून कळलं.

माझं खरं भांडण वेलीशी नाही, ‘रोज’शी आहे. सासूबाईंकडे गुळवेल होती ती तापावर. अंगात मुरलेला, उतरतो-चढतो असा ताप, डॉक्टर लांब, तेव्हा ती निघायची. ताप गेला की पातेलं घासून फळीवर. त्यांना कुणी “तब्येत चांगली राहावी म्हणून बारमाही घ्या” म्हटलं असतं तर त्यांनी त्या माणसाकडे संशयाने पाहिलं असतं. करोनात वेल तीच राहिली, कारण बदललं. ताप उतरला हे हात लावून कळतं. प्रतिकारशक्ती ‘झाली’ हे कशाने कळणार? कळत नाही, म्हणून थांबायचा दिवसही येत नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आयुष मंत्रालयाने करोनासाठी जी उपचारपद्धती जाहीर केली होती, तिच्यातही गुडूची १५ दिवस किंवा महिनाभर, अथवा वैद्य सांगतील तसं, अशी मुदत होती. फॉरवर्ड होता होता मुदत गळून पडली, नाव तेवढं उरलं. लोक चार-चार, सहा-सहा महिने पीत राहिले. वर त्यात हळद, दालचिनी, मिरी, शिवाय आणखी कुणीतरी सांगितलेलं एक चूर्ण.

मला हाशिमोटो आहे, म्हणजे थायरॉइडवर शरीर स्वतःच हल्ला करतं तो प्रकार. त्या वर्षी मी नौपाड्यातल्या आमच्या वैद्यबाईंना विचारायला गेले तेव्हा त्यांनी नाडी बघण्याआधी फाइल मागितली. अँटिबॉडीचा आकडा वाचला आणि म्हणाल्या, “तुला नाही देणार मी ही. जी गोष्ट आधीच चवताळलेली आहे तिला कशाला डिवचायचं?” सासूबाईंना हे पटलं नाही. “गुळवेलीने कधी कुणाचं वाईट झालंय?” हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या पाहण्यात झालंही नसेल. त्यांनी ज्यांना दिली ती माणसं थोडे दिवस घेऊन थांबत होती आणि त्यांची अँटिबॉडी कुणी मोजत नव्हतं. तेव्हा आमच्या घरी असं चालतं: वेल मी ओळखते, मी तोडते, मागणाऱ्याला विचारपूस करून देते, आणि मी घेत नाही.

विचारपूस म्हणजे काय? थायरॉइड, ल्युपस, संधिवाताचा ऑटोइम्यून प्रकार, सोरायसिस, मूत्रपिंडाचं किंवा यकृताचं रोपण झालेलं, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू, आधी कधी कावीळ झालेली: यांना माझ्याकडून तुकडा मिळत नाही, आधी डॉक्टरांशी बोला म्हणते. डायबिटीसवाल्यांनाही नाही, कारण गुळवेल साखर उतरवते आणि गोळ्याही उतरवतात. दोन्ही एकदम उतरवायला लागले तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला नाही. ऑपरेशन ठरलेलं असेल तर नाही. आणि घेत असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच क्षणी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय’ असं सांगणारा कुणी भेटेलच, त्याचं ऐकायचं नाही.

मंडईतल्या बायका याबाबतीत बाटलीवाल्या कंपन्यांपेक्षा बऱ्या, असं मला वाटतं. शहापूरकडून येणाऱ्या एका मावशींकडे मी एकदा उगीच कांडीला हात लावला, तर त्यांनी जुडी मागे ओढून विचारलं, “कोनाला हवी? ताप हाय का?” ताप नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मंग करांदे न्या, उकडून खा.” शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या (रानातला माल विकण्यासाठीची सरकारी योजना) आधाराने गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवायला सुरुवात केली, ही बातमी तेव्हा खूप गाजली होती. ज्यांना रानाची ओळख आहे त्यांना तिचे पैसे मिळाले, चांगलंच झालं. फक्त कांडीची बाटली होईपर्यंत मावशींचा तो प्रश्न वाटेत कुठेतरी सुटतो. बाटलीवर ‘सकाळ-संध्याकाळ’ छापलेलं असतं, ‘ताप हाय का’ छापलेलं नसतं.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर ‘चालू औषधं’ अशी एक ओळ आहे. लोक तिथे बीपीची गोळी लिहितात, साखरेची लिहितात, थायरॉइडची लिहितात. काढा कुणी लिहीत नाही, कारण घरी केलेलं ते औषध, असं कुणाला वाटतच नाही. म्हणून रक्त घेताना, पट्टा बांधला आणि शीर सापडली की मी आता सहज विचारते, “घरचं काही चालू आहे? काढा, रस, चूर्ण?” मूठ आवळून बसलेला माणूस खोटं बोलायच्या मनःस्थितीत नसतो. “हो, गुळवेल. पण ती तर रोजचीच.” किती दिवस, हे विचारून मी ते फॉर्मच्या समासात पेनाने लिहिते आणि रिपोर्टबरोबर ती ओळही डॉक्टरांकडे जाईल असं बघते. परवा एका आजोबांनी हे सगळं सांगून वर विचारलं, “मग बंद करू का?” म्हटलं, “ते डॉक्टर सांगतील. पण जाताना बाटली बरोबर न्या, आणि वेल घरची असेल तर तिचा तुकडापण न्या, साल असलेला.”